अंगठी परत द्यायची असते?

माझं माहेर विट्याचं. खानापूर तालुका, सांगली जिल्हा. आमच्याकडं घरटी एखादा तरी माणूस गलाईला बाहेर गेलेला असतो, कुणी दिल्लीला, कुणी तमिळनाडूत, आमचे अण्णा केरळात त्रिशूरला होते. सराफांकडची मोड घ्यायची, दुकानातली झाडलेली धूळसुद्धा घ्यायची, मुशीत आटवायची, तेजाबात घालून सोनं वेगळं काढायचं. दुष्काळी भागातल्या पोरांनी या एका कामावर घरं उभी केली. त्यामुळं आमच्या घरात दागिना बघितला की डिझाइनच्या आधी टंच, म्हंजे सोन्याची शुद्धता, किती निघंल हेच विचारतात.

तर मागच्या महिन्यात इथं बॉस्टनला माझ्या टीममधल्या एका मुलीचं लग्न ठरलं. आपल्यासारखं सुपारी, साखरपुडा, दोन्हीकडची शंभर माणसं असलं काही नाही, दोघंच समुद्रावर फिरायला गेले आणि त्यानं गुडघ्यावर बसून विचारलं, झालं. सोमवारी ती बोट पुढं करून सगळ्यांना दाखवत होती आणि डोळ्यांत पाणी होतं तिच्या, मलाही भरून आलं. 14 कॅरेटच्या अंगठीत एकच हिरा. मी फोटो घरी पाठवला तर अण्णांचा लगेच फोन, "14 कॅरेट म्हंजे शंभरात 58 भागच सोनं की गं, आणि खड्याचं मोडीत काय येणार?"

अण्णांचं बरोबरच आहे. सोन्याला रोजचा भाव असतो, आपल्या 22 कॅरेटच्या बांगडीची घडणावळ आणि तूट गेली तरी बाकीचे पैसे कुठल्याही गावात हातात येतात. हिऱ्याचं तसं नाही, विकायला गेलं की घेतलेल्या किमतीच्या बरंच खाली येतं, आणि आता लॅबमध्ये केलेले हिरे आल्यापासून तर अजूनच. आणि ही हिऱ्याच्या अंगठीची रीत इथंसुद्धा काही फार जुनी नाही बरं का. 1867 च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले, मग भरमसाट निघायला लागले, आणि घरोघरी अंगठीत हिराच पाहिजे हे पुढं डी बीअर्स या हिऱ्यांच्या कंपनीच्या जाहिरातींनी मनात बसवलं. हिरा कायमचा असतो ही त्यांची ओळ 1947 ची. पण त्या मुलीला मी यातलं काही बोलले नाही. तिच्यासाठी ती अंगठी म्हणजे त्याचा शब्द आहे, तिला मोडीचा भाव सांगून काय करायचं?

मला खरा धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीनं. जेवताना तीच म्हणाली की ठरलेलं लग्न मोडलं तर अंगठी परत द्यावी लागते, कायदाच आहे. मी घरी येऊन वाचलं. आमच्या मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च कोर्टानं नोव्हेंबर 2024 मध्ये निकाल दिलाय, लग्न झालंच नाही तर अंगठी देणाऱ्याची, चूक कुणाची होती ते बघायचंसुद्धा नाही. 70,000 डॉलरच्या अंगठीवरनं भांडण होतं ते. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका बाईच्या 89 पवन (एक पवन म्हणजे आठ ग्रॅम) सोन्याबद्दल सांगितलं की ते तिचं स्त्रीधन, नवऱ्याचा त्याच्यावर हक्क नाही, अडचणीत वापरलं तरी परत देणं त्याच्यावर आहे, आणि 25 लाख रुपये द्यायला लावले. म्हणजे इथं लग्न होईपर्यंत अंगठी नुसती बोटात असते, आणि आपल्याकडं अंगावर घातलं की ते बाईचं.

निदान कायद्यानं तरी. कारण मग मला आईच्या पाटल्या आठवल्या. माझ्या एमएसच्या वेळी त्या सोनेतारणाला गेल्या. रात्री मोरीत साबण लावून तिनं त्या हातातनं काढल्या, मनगट लाल झालं होतं, आणि मी दारात उभी होते. अण्णांनी तिला विचारलं होतं का? नाही आठवत मला विचारल्याचं. "पाटल्या काढ" एवढंच आठवतंय. नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षात मी त्या सोडवल्या, पण त्या मधल्या तीन वर्षांत आईनं प्रत्येक लग्नात पदर मनगटावर ओढून घेतला. ती कधी बोलली नाही, पण मला ते अजून सलतं.

परवा फोनवर मी तिला विचारलं, "आई, तुझ्या दागिन्यांच्या पावत्या कुणाच्या नावावर आहेत गं?" तर पावत्याच नाहीत. निम्मं सोनं अण्णांनी स्वतः आटवून घडवून आणलेलं, बाकीचं आज्जीकडनं आलेलं. मी म्हणलं, वही घे आणि लिहून काढ, काय आहे, किती आहे, कुणी दिलं, आणि खाली तुझी सही कर आणि अण्णांची पण घे. आधी हसली, "आता या वयात काय करायचंय?" मग खरंच चष्मा लावून बसली आणि एकेक वाचत लिहायला लागली. पाटल्या, साडेतीन तोळे. ठुशी, दीड तोळा. बोरमाळीपाशी थांबली जरा. म्हणाली, "ही माझ्या आईनं दिली, बापूंना न सांगता."