सेंट कथबर्टची वाट: मेलरोजपासून लिंडिसफार्नच्या वाळूपर्यंत

ही वारी आखायची ती शेवटच्या दिवसापासून उलटी. सुरुवात दक्षिण स्कॉटलंडमधल्या मेलरोज मठापाशी, शेवट इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या लिंडिसफार्न बेटावर, मध्ये १०० किलोमीटर. नाव सेंट कथबर्ट्स वे. खुणा लावून ही वाट १९९६ साली खुली झाली. ज्याच्या नावाने ती आहे तो संत मात्र सातव्या शतकातला. शेवटचे पाचेक किलोमीटर ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूवरून जातात, आणि दिवसातून दोनदा समुद्र ती जागा परत घेतो. म्हणून आधी भरती-ओहोटीचं कोष्टक उघडायचं, बेटावर पोचायचा दिवस धरायचा, तिथून सहा दिवस मागे मोजायचे आणि मग विमानाचं तिकीट काढायचं. वाऱ्या फसतात त्या बहुधा इथेच: रजा आधी मंजूर होते, ओहोटी नंतर बघितली जाते.

कोकणातल्या माणसाला हे गणित समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. लिंडिसफार्नला उन्हाळी घड्याळाप्रमाणे त्यात आणखी तीनेक तास मिळवायचे. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी तीनच्या पुढेमागे आणि ओहोटी सकाळी नऊ-साडेनऊला. वाळूवर उतरायचं ते ओहोटीच्या दोन तास आधी. नऊच्या ओहोटीसाठी सातला किनाऱ्यावर आणि त्यासाठी मुक्कामावरून साडेपाचला निघायला हवं. गटाला ते झेपत नाही. आम्हाला ओहोटी सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या दरम्यान हवी असते, आणि ती सापडते तृतीया ते अष्टमीच्या दिवसांत, म्हणजे उधाण ओसरल्यापासून भांगापर्यंत (भरती सगळ्यात कमी चढते तोवर), मग पक्ष कुठलाही असो. पंधरवड्यात असे पाच-सहा दिवस मिळतात. हा अंदाज फक्त महिना निवडायला वापरायचा. प्रत्यक्ष वेळ त्या वर्षीच्या छापील कोष्टकातूनच घ्यायची, कारण वारा आणि हवेचा दाब पाण्याला लवकर आत आणतात.

टप्पे असे पाडतो. मेलरोज ते हेअरस्टेन्स २५ किलोमीटर, तिथून मोअरबॅटल १७, कर्क येटम १०-११, वूलर २१, फेनिक १९ आणि शेवटी बेट ९-१०. दणकट माणसं चार दिवसांत उरकतात. सहा दिवस घेतले की तिसरा दिवस छोटा मिळतो, आणि पायांचे फोड नेमके त्याच दिवशी बोलायला लागतात.

वेगाचा हिशोब नेस्मिथच्या नियमाने. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ साली मांडला: तासाला तीन मैल, वर दर दोन हजार फूट चढाला एक तास. आपल्या मापात तासाला पाच किलोमीटर आणि दर १०० मीटर चढाला दहा मिनिटं. गटासाठी मात्र पाचाऐवजी चारच धरावेत. कुंपणावरच्या लाकडी शिड्या एकेकाने ओलांडायच्या असतात. बारा जणांच्या गटाची एका शिडीवर पाच मिनिटं सहज जातात, आणि अशा शिड्या व फाटकं दिवसभर येत राहतात.

मेलरोजला पोचणं सोपं आहे. एडिंबरोहून ट्वीडबँकपर्यंत साधारण तासाभराची रेल्वे, पुढे तीनेक किलोमीटर चालत किंवा बसने. मठ ११३६ सालचा. पहिल्या डेव्हिड राजाने तो वसवला. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस याचं हृदय इथे पुरलं आहे असं परंपरा सांगते. १९९६ साली, म्हणजे ही वाट खुली झाली त्याच वर्षी, उत्खननात हृदय ठेवलेली शिशाची डबी निघाली आणि १९९८ साली ती पुन्हा जमिनीत ठेवली. पण कथबर्टचा मठ हा नव्हे. तो होता पूर्वेला चारेक किलोमीटरवर, ट्वीड नदीच्या वळशात. तिथे आज भिंतही उभी नाही. ६५१ साली टेकड्यांवर मेंढ्या राखताना या पोराने रात्री आकाशातून प्रकाश वर जाताना पाहिला. त्याच रात्री लिंडिसफार्नचा बिशप एडन वारला होता असं नंतर कळलं, आणि हा मठात दाखल झाला. ही हकिकत बीड नावाच्या इतिहासकार भिक्षूने लिहून ठेवली आहे.

पहिला चढ गावातूनच सुरू होतो: पायऱ्या, मग कुरण, मग ईल्डनच्या दोन शिखरांमधली खिंड. तीन शिखरं, सगळ्यात उंच ४२२ मीटर. रोमनांनी पायथ्याच्या छावणीला नावच ट्रायमाँटियम, तीन डोंगर, असं दिलं. लोक सांगतात की मायकेल स्कॉट नावाच्या मांत्रिकाने सैतानाला कामाला लावून एका डोंगराचे तीन केले. दुसरी गोष्ट थॉमस द ऱ्हायमरची: ईल्डनच्या झाडाखाली त्याला परीराज्याची राणी भेटली, सात वर्षं तो तिच्याबरोबर राहिला आणि परतला तो खोटं बोलताच न येणारी जीभ घेऊन. गाइड या गोष्टी खिंडीत सांगतात, आणि त्यामागे व्यवहार असतो: सगळ्यांचा दम तिथेच जातो. खिंडीतली लालसर माती पावसात साबणासारखी होते. उतरताना वाटेवरून नको, कडेच्या गवतावरून टाच रोवत उतरायचं.

खूण एकच ओळखायची: समान हातांचा क्रूस. १८२७ साली इंग्लंडमधल्या डरमच्या कॅथेड्रलमध्ये कथबर्टची शवपेटी उघडली तेव्हा सोन्याचा, गार्नेट जडवलेला क्रूस त्याच्या छातीवर सापडला. खांबांवरची खूण त्याच्यावरून घेतली आहे. खुणा चोख आहेत. नुसती वाट दाखवायला गाइडची गरज नाही. गाइड हवा तो गोष्टींसाठी, धुक्यासाठी आणि शेवटच्या वाळूसाठी. हिल अँड मूरलँड लीडर ही पात्रता आहे का, एवढं विचारून घ्यावं. तरीही १:२५,००० चा कागदी नकाशा आणि होकायंत्र सोबत हवंच, कारण सीमेवरच्या चेव्हियट टेकड्यांत बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज मिळत नाही.

बोडेन आणि न्यूटाउन ओलांडून वाट ट्वीडच्या काठाने मॅक्सटनला जाते, आणि मग डिअर स्ट्रीट लागतो. रोमनांचा हा रस्ता यॉर्कहून उत्तरेला जायचा. कित्येक किलोमीटर सरळ, दोन्ही बाजूंना झाडी, आणि कंटाळा येईल इतका सरळच. पाय इथे दुखायला लागतात, कारण चढ-उतार नसला की प्रत्येक पाऊल तळव्याच्या त्याच जागी पडतं. जिथे गरम वाटेल तिथे लगेच थांबून टेप लावायची. फोड आल्यावर लावलेल्या टेपचा काही उपयोग नाही. याच रस्त्यावर लिलियर्डची समाधी आहे. १५४५ सालच्या अँक्रम मूरच्या लढाईत ही मुलगी इंग्रजांशी लढली आणि पाय तुटल्यावर खुंटांवर उभी राहून लढत राहिली, असं दगडावर कोरलंय. जागेचं नाव मात्र त्या लढाईच्या कितीतरी आधीपासून कागदोपत्री आहे, म्हणजे नावावरून नायिका जन्माला आली. हेअरस्टेन्सला राहायची सोय नाही; मुक्काम अँक्रमला किंवा वाट सोडून जेडबरोला, आणि तिथे आधी आरक्षण लागतं.

दुसऱ्या दिवशी टेव्हियट नदीवरचा झुलता पूल, शेतं आणि सेसफर्डचा पडका किल्ला. किल्ला कर घराण्याचा. हे घराणं डावखुरं म्हणून प्रसिद्ध. डाव्या हाताने तलवार चालवायला सोयीचे म्हणून त्यांनी जिने उलटे फिरवले असं सांगतात. स्कॉट्स बोलीत डावखुऱ्याला अजूनही या कर घराण्याच्या नावाने ओळखतात. मोअरबॅटल या नावात लढाई शोधू नका, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ तळ्याकाठचं घर. गावात दुकान आहे. पुढच्या दोन दिवसांचं खाणं तिथेच घ्यायचं.

मोअरबॅटलवरून वाइडओपन हिल, ३६८ मीटर, सगळ्या वाटेवरची सर्वांत उंच जागा. अंतराच्या हिशोबाने निम्मी वाटही इथेच सरते. धारेवर दगडी गडगा सोबत चालतो. चुना नाही, माती नाही, नुसते दगड एकमेकांत अडकवलेले. वारा त्यातून शिट्टी घालत जातो. जेवायला बसायचं ते गडग्याच्या वाऱ्याआडच्या बाजूला, पण त्यावर चढायचं नाही: एक दगड सुटला की वार-दोन वार भिंत खाली येते. वसंतात कुरणांत कोकरं असतात. गाई वासरांसह असतील तर गटाने मधून जायचं नाही, कडेने वळसा घालायचा. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी प्यायचं नाही, वर मेंढ्या आहेत. दीड-दोन लिटर पाणी प्रत्येकाच्या पाठीवर हवं. रात्री गुडघ्यांमागे, कमरेशी गोचीड बघायची. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तेल, विडी, असले उपाय करू नयेत.

कर्क येटमला पेनाइन वे ही दुसरी लांब वाट संपते. एके काळी जिप्सींच्या राजांचं हे गाव. शेवटच्या राजाला १८९८ साली इथेच मुकुट घातला. पुढे दोनेक तासांत टेकडीवर एक कुंपण, एक फाटक, एक पाटी. फाटकापलीकडे इंग्लंड. दृश्य तेच, कायदा वेगळा. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने कुठूनही चालायची आणि छोटा तंबू लावायची मोकळीक आहे. फाटक ओलांडलं की सार्वजनिक हक्काच्या वाटेवरून ढळायचं नाही, आणि मालकाला विचारल्याशिवाय तंबू लावायचा नाही.

कर्क येटम ते वूलर हा टप्पा सगळ्यात एकाकी. मध्ये दुकान नाही. हेदर या खुरट्या झुडपांच्या माळावर धुकं उतरलं की खुणेचे खांब दिसेनासे होतात, आणि मेंढ्यांनी पाडलेल्या वाटा खऱ्या वाटेपेक्षा ठळक दिसतात. नियम असा: दहा मिनिटांत खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे यायचं. पुढे जाऊन वाट शोधायची नाही. अपघात झालाच तर ९९९, आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू. याच क्रमांकावर एसएमएसही चालतो, पण फोनची नोंदणी आधीच करून ठेवावी लागते.

वूलरनंतर सेंट कथबर्टची गुहा, वालुकाश्माचं पुढे आलेलं छत. ६८७ साली कथबर्ट वारला, ७९३ साली व्हायकिंगांनी बेट लुटलं आणि ८७५ साली भिक्षू त्याचं शव घेऊन निघाले, तेव्हा ते इथे टेकले असं परंपरा सांगते. गुहेमागच्या चढावर पोचलं की पहिल्यांदा समुद्र आणि बेट दिसतं. सोबत कोष्टक असेल तर ते इथेच पुन्हा काढून बघायचं.

फेनिकपाशी ए-१ महामार्ग पायी ओलांडायचा असतो. गट तोडायचा, दोघादोघांनी जायचं. पुढे रेल्वेचं फाटक. तिथल्या फोनवरून सिग्नलमनला विचारून, किती जण आहोत ते सांगून, तो हो म्हणाल्यावरच रूळ ओलांडायचे. गाड्या ताशी २०० किलोमीटरने येतात. दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

आता वाळू. रस्त्याच्या फलकावर सुरक्षित वेळा लिहिलेल्या असतात, पण त्या गाड्यांसाठी आहेत. पायी जाणाऱ्याने त्या अवधीच्या निम्म्यापर्यंत बेटावर पोचलेलं असावं. ओहोटी एकला असेल तर फेनिक सव्वानऊला सोडायचं, अकराला वाळूवर. सुरुवातीला रस्त्यानेच पुलापर्यंत जायचं आणि मग खांबांची रांग उजवीकडे वळते. खांब सोडायचा नाही, कारण पलीकडे रुतणारी वाळू आहे. बूट गळ्यात, पाय अनवाणी किंवा गमबूट. वाळूवर लगवर्म किड्यांनी बाहेर टाकलेल्या वेटोळ्यांच्या ढिगाऱ्या, अगदी सोऱ्यातून पडलेल्या शेवयांसारख्या. जिथे त्या दाट असतात तिथे वाळू बहुधा घट्ट लागते. बेटाजवळ मात्र काळा, घोट्यापर्यंतचा चिखल. तिथे थांबलात की पाय आणखी रुततो, म्हणून छोटी पावलं टाकत हलत राहायचं. उजवीकडच्या वाळूच्या पट्ट्यांवरून सीलचा आवाज येतो, कुणी तरी लांबून रडतंय असा. वाटेत खांबांवर उंच बांधलेल्या आश्रयपेट्या आहेत. त्यात चढायची वेळ आली तर पाणी उतरेपर्यंत काही तास बसावं लागतं, पण परत फिरण्यापेक्षा ते बरं. धुकं दाटलं, अंधार पडत असला किंवा उशीर झाला असला तर वाळू सोडून द्यायची आणि वेळ उरला असेल तर रस्त्याने जायचं.

बेटावर पोचल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवायचे, नाहीतर मिठाने फोड रात्रभर चुरचुरतात. मुख्य भूमीवरच्या बेरिक गावाला जाणारी बस रोज नसते आणि असते तेव्हा ओहोटीच्याच वेळेने सुटते. टॅक्सी बोलावली तरी रस्ता बुडायच्या आत तिने येऊन परत जायला हवं, म्हणून ती आदल्या रात्री सांगून ठेवतो. बेटावर मुक्काम असेल तर मात्र भरती यायच्या वेळी कठड्यावर जाऊन बसावं. आपण आलो ते खांब एकेक करून पाण्यात जाताना दिसतात.