एका हाताची यादी

धाकट्या बहिणीने तिच्या होणाऱ्या बाळासाठी केलेली बेबी रजिस्ट्री, म्हणजे भेट म्हणून हव्या असलेल्या वस्तूंची यादी, माझ्याकडे तपासायला पाठवली, तेव्हा तिच्यात चौसष्ट वस्तू होत्या. ‘दादा, यातले खरेच काय लागते तेवढे सांग,’ एवढाच मजकूर सोबत होता. ती यादी वाचताना मला सहा वर्षांपूर्वीची माझी स्वतःची यादी आठवली, कारण दोन्ही याद्यांतला दोष एकच होता. त्या दिवसाढवळ्या, खुर्चीत बसून, दोन्ही हात मोकळे असताना केलेल्या होत्या.

भेटवस्तूंची यादी दुकानात नोंदवून ठेवण्याची पद्धत मुळात लग्नांसाठी निघाली. शिकागोतील मार्शल फील्ड्स या दुकानाने १९२४ मध्ये ती सुरू केली आणि तिचा हेतू अगदी व्यवहारी होता : एकच वस्तू चौघांनी आणू नये. लग्न करणाऱ्यांना आपल्याला काय हवे हे निदान ठाऊक असते. पहिल्या खेपेचे आईबाप मात्र कधी न पाहिलेल्या, आणि आल्यावरही रडण्यापलीकडे काही न सांगणाऱ्या पाहुण्यासाठी घर लावत असतात. साहजिकच ते दिसेल ते लिहितात. माझ्या यादीत ओल्या पुसण्या गरम ठेवणारे एक यंत्रही होते, हे कबूल केलेले बरे.

नवजात बाळ चोवीस तासांत साधारण आठ ते बारा वेळा दूध पिते. त्याची झोप दिवसाकाठी चौदा ते सतरा तास भरते खरी, पण ती सगळी तुकड्यातुकड्यांची असते, आणि रात्र झाली म्हणून ते तुकडे मोठे होत नाहीत. म्हणजे बाळाच्या बहुतेक वस्तूंशी आपली गाठ पडते ती अर्धवट झोपेत, मंद उजेडात, आणि एका हातावर बाळ असताना. म्हणून बहिणीच्या यादीतील प्रत्येक वस्तूला मी एकच प्रश्न विचारायचे ठरवले : रात्री तीन वाजता ही एका हाताने वापरता येईल का?

कपड्यांचा भाग या प्रश्नासमोर सर्वांत आधी कोसळला. दुकानात झबले हातात घेऊन पाहताना त्यावरचा ससा दिसतो, पाठीवरची नाडी दिसत नाही. पाठीवर बांधायचे कपडे शिवणाऱ्याने पालथ्या आणि निश्चल बाळाची कल्पना केलेली असावी. टिचबटणे त्यापेक्षा बरी, परंतु दोन्ही पायांवरून खाली उतरत जाणारी बटणांची रांग झोपेत लावताना शेवटी एका बाजूला एक बटण उरतेच आणि समोरच्या बाजूला त्याचा जोडीदार संपलेला असतो. मग बाळ रडत असताना सगळी रांग पुन्हा उघडायची. दोन्ही टोकांकडून उघडणारी चेन असलेला कपडा मला फार उशिरा सापडला. ती खालून वर सरकवली की डायपर बदलता येतो आणि बाळाची छाती उघडी पडत नाही. नाळ गळून पडेपर्यंत, म्हणजे साधारण एक ते तीन आठवडे, समोरून उघडणारे आणि बेंबीपाशी न घासणारे कपडे बरे पडतात.

कपड्यांमध्ये मला आणखी एका गोष्टीचे कौतुक वाटते, आणि ती म्हणजे खांद्यावर एकावर एक चढलेल्या दोन पट्ट्या. कित्येक वर्षे मी त्यांना निव्वळ शोभा समजत होतो. जन्मतः बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळपास चौथा हिस्सा असते, त्यामुळे गळा मोठा व्हावा म्हणून त्या पट्ट्या असतात, हे खरेच. पण डायपरमधला ऐवज पाठीवरून मानेपर्यंत पोहोचतो, त्या प्रसंगी तो गळा फाकवून कपडा डोक्यावरून न काढता खांद्यांवरून खाली पायांकडे ओढता येतो. असा प्रसंग ज्याच्यावर आला आहे त्याला यातले शहाणपण वेगळे सांगावे लागत नाही. बहिणीने पहिल्या महिन्याच्या मापाचे वीस कपडे लिहिले होते. मी ते सात केले आणि उरलेले पुढच्या मापांत ढकलले, कारण सुरुवातीचे वजनातले उतार भरून निघाल्यावर बाळ दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅमनी वाढू लागते आणि पाचव्या महिन्याच्या आसपास जन्माच्या वजनाच्या दुप्पट होते.

डायपर हा यादीतला सर्वांत उपयोगी आणि सर्वांत अनाथ विषय. दिवसाला आठ ते दहा धरले तरी पहिल्या महिन्यात अडीचशे-तीनशे सहज लागतात. पण भेट देणाऱ्याला आपली वस्तू जपून ठेवली जावी असे वाटत असते, आणि डायपरच्या नशिबी ते नाही. अमेरिकेतील मॅरियन डोनोव्हन या गृहिणीने न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा कापून लंगोटावर घालायचे जलरोधक आवरण शिवले आणि त्याला सेफ्टी पिनांऐवजी टिचबटणे लावली. त्याचे पेटंट तिला १९५१ मध्ये मिळाले. अंधारात, वळवळणाऱ्या बाळाच्या पोटाशी उघडी पिन धरल्यावरच सुचावा, असाच हा शोध आहे. यादीत डायपर लिहायला लाजू नये, मात्र सगळे एकाच मापाचे लिहू नयेत, एवढे मी बहिणीला कळवले.

पाळण्यापाशी आल्यावर माझा प्रश्न बदलावा लागला, कारण तिथे आपणही झोपलेले असतो. त्या वेळी पाळण्यातल्या वस्तूने काय करायचे असते? काहीही नाही. टणक, सपाट गादी आणि तिच्यावर ताणून बसवलेली चादर, एवढेच तिथे हवे. उशी नको, मऊ रजई नको, कडेचे कापसाचे कठडे नकोत, आणि डोळे मिचकावणारे अस्वलही नको. बाळाला उताणे झोपवावे असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये सांगितले, १९९४ मध्ये त्याची देशभर मोहीम झाली, आणि पुढच्या काही वर्षांत तिथले झोपेतील आकस्मिक बालमृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. पाळण्याच्या कडेला बांधायच्या गुबगुबीत पट्ट्यांच्या विक्रीवर तिथे २०२२ च्या कायद्याने बंदी आली. बहिणीच्या यादीत त्या पट्ट्या होत्या, आणि त्या दिसायला सुंदर होत्या. मी त्या खोडल्या तेव्हा तिला वाईट वाटले असावे, पण या बाबतीत मी वाटाघाटीला बसलो नाही. बाळ सरकून उघडे पडेल ही तिची भीती मात्र खरी होती. त्या भीतीवर उपाय म्हणून बाळाच्या अंगात घालायची बिनबाह्यांची झोपण्याची पिशवी लिहिली. तीही साधी, वजन न भरलेली.

कार सीट एका हाताने बसत नाही. ती बसवताना दोन्ही हात, एक गुडघा आणि थोडी चिडचिड लागते, आणि तिला तेवढी सूट आहे. मागे तोंड करून बसवायची, बाळाच्या वजनाला जुळणारी, आणि शक्यतो नवी. आम्हाला एका ओळखीच्यांनी जुनी देऊ केली होती, पण तिच्यावर छापलेली मुदत उलटून गेली होती आणि तिने एखादा अपघात सोसला होता का, हे त्यांनाच आठवत नव्हते. बाकी बाबागाडी, टब, दुपटी जुनी चालतात, उलट चार धुण्यांनी मऊ झालेले दुपटे अधिक चांगले.

खेळण्यांवर मी फार वेळ घालवला नाही. पहिल्या आठवड्यांत बाळाला वीस-तीस सेंटिमीटरपलीकडचे नीट दिसत नाही, आणि तेवढ्या अंतरावर दूध पाजणारीचा चेहरा असतोच. बसून पळवायचा वॉकर पूर्ण खोडला. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली, कारण त्यात बसलेली बाळे जिन्यांवरून गडगडत होती. मागे उभे राहून ढकलायचा पांगुळगाडा ही वेगळी वस्तू आहे आणि तिची वेळ यायला वर्ष आहे. डिजिटल थर्मामीटर मात्र वरच्या ओळींत आणला. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक ताप असेल तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचे असते, आणि तो आकडा हाताच्या स्पर्शाने कळत नाही.

अशा रीतीने चौसष्टांच्या एकवीस झाल्या. एकविसावी वस्तू मी स्वतः सुचवलेली होती : खाटेशेजारी ठेवायचा मंद पिवळ्या उजेडाचा छोटा दिवा. दुसऱ्या दिवशी बहिणीची सुधारलेली यादी आली, तेव्हा तिच्यात वीसच होत्या. मी विचारले, तर ती म्हणाली की तस्साच दिवा तिच्या मैत्रिणीकडे आहे. तो आणून तिने रात्री खोली अंधारी केली, डाव्या हातावर उशी बाळासारखी धरली आणि उजव्या हाताने त्याचे बटण शोधले. ते वायरीवर होते, आणि वायर खाटेमागे पडली होती.