भिंतीपलीकडून आलेला आवाज

पुस्तक संपून दोन आठवडे होत आले तरी डोक्यातून जात नाहीये, म्हणून शेवटी लिहायलाच बसले. केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. मूळ जपानी कादंबरी २००५ ची, तिला तिकडचं मानाचं नाओकी पारितोषिक मिळालं, आणि इंग्लिशमध्ये २०११ ला आली. मी अर्थातच इंग्लिशमध्ये वाचली. खरं तर २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर 'जाने जान' बघितला होता, करीना कपूर आणि जयदीप अहलावतचा, कालिम्पोंगमध्ये घडणारा, तो याच कादंबरीवरून केलेला. तेव्हा वाटलं होतं गोष्ट तर कळलीच आहे, आता पुस्तक काय वाचायचं. ऑफिसातल्या मैत्रिणीने जबरदस्तीने हातात ठेवलं. रात्री अकराला सुरू केलं आणि दीडला खाली ठेवलं, तेही सकाळची सात बावन्न पकडायची होती म्हणून.

आधीच सांगते, पुढे शेवटापर्यंत सगळं फोडणार आहे. ज्यांना वाचायचंय त्यांनी इथेच थांबा, पुस्तक वाचून मग या.

तर गोष्ट टोकियोतली, सुमिदा नदीच्या जवळची. यासुको नावाची बाई, आधी क्लबमध्ये काम करायची, आता जेवणाचे डबे विकणाऱ्या एका छोट्या दुकानात काउंटरवर उभी असते. शाळेत जाणारी मुलगी मिसातो. शेजारच्या घरात इशिगामी, गणिताचा मास्तर, एकटा. रोज सकाळी तो त्याच दुकानातून डबा घेऊन शाळेत जातो, तेवढंच काय ते बोलणं. यासुकोचा आधीचा नवरा तोगाशी तिचा पत्ता काढत काढत घरी येतो, पैसे मागतो, धमक्या देतो, पोरीवर हात टाकतो आणि त्या झटापटीत या दोघी मायलेकी त्याला मारून टाकतात. कोतात्सुच्या वायरने. कोतात्सु म्हणजे ते बसकं टेबल, खाली हिटर असतो आणि वरून रजई, थंडीत सगळं घर त्याच्या भोवती पाय घालून बसतं. घरातल्या सगळ्यात उबदार वस्तूची वायर. हे मला फार लागलं.

खून कोणी केला हे पहिल्या चाळीसेक पानांतच आपल्याला माहीत होतं. म्हणजे रहस्यकथेत जे शेवटपर्यंत लपवतात ते यात सुरुवातीलाच टेबलावर ठेवलंय. मग सस्पेन्स कसला, तर दारावर टकटक होते त्याचा. इशिगामी बाहेर उभा असतो, आवाज आला म्हणून विचारायला. यासुको म्हणते झुरळ होतं. त्याला पटत नाही, कारण भिंत पातळ आहे आणि त्याने सगळं ऐकलंय. आणि तो पोलिसांना बोलवत नाही, मदत करतो म्हणतो. तिथपासून पुस्तक संपेपर्यंत मी त्या भिंतीकडेच बघत होते असं वाटलं.

प्लॅन काय केला ते थोडक्यात सांगते. खून ९ मार्चला होतो. इशिगामी या दोघींना १० मार्चच्या संध्याकाळी सिनेमाला पाठवतो, आणि पोलीस जेव्हा येतात तेव्हा ते १० मार्चचंच विचारतात. आपल्याकडे 'दृश्यम' ज्यांनी पाहिलाय त्यांना २ ऑक्टोबर, पणजी, सत्संग हे आठवेलच, तारखेचा खेळ इथेही आहे. पण इथे त्या दोघी खोटं बोलतच नाहीयेत, १० तारखेला त्या खरंच सिनेमाला होत्या. मग पोलिसांना सापडलेलं, त्यांनी तोगाशीचं समजलेलं १० तारखेचं प्रेत कुणाचं? इशिगामी मुलांना परीक्षेत जे गणित घालतो ते दिसतं भूमितीचं आणि असतं फंक्शनचं, हे मधेच कुठेतरी सहज सांगून टाकलंय, आणि तीच सगळ्या पुस्तकाची किल्ली आहे. त्याचा कॉलेजातला मित्र युकावा, फिजिक्सचा प्रोफेसर, त्याच धाग्याने शेवटापर्यंत पोचतो. हिगाशिनो स्वतः इंजिनिअर, लेखक होण्याआधी नोकरी करायचे, आणि ते कळतं, एकही स्क्रू फालतू लावलेला नाही.

ते प्रेत नदीकाठी निळ्या प्लास्टिकच्या झोपड्यांत राहणाऱ्या बेघर लोकांपैकी एकाचं आहे. नवीनच आलेला माणूस, अजून त्या जगण्यात मुरलेला नाही, इंजिनिअरिंगचं मासिक वाचत बसलेला असतो म्हणून इशिगामी मनात त्याला इंजिनिअर म्हणतो. पहिल्याच प्रकरणात तो आपल्याला दिसतो. आपण त्याच्यावरून पुढे जातो. मीही गेले. इशिगामी त्याला काम देतो असं सांगून नेतो आणि मारतो, का, तर तो नाहीसा झाला तर शोधणारं कुणी नाही. त्याचं नाव शेवटपर्यंत कळत नाही.

सगळे म्हणतात ही प्रेमाची, त्यागाची गोष्ट आहे. नावातच डिव्होशन आहे. मला मात्र ते पान वाचल्यावर त्या त्यागाचं कौतुक करताच येईना. तोगाशीसाठी निदान पोलीस तपास करतात, फाइल उघडते. या माणसासाठी कोणी रडत नाही, आणि वाचकही बहुतेक रडत नाही, कारण आपण इशिगामीच्या बुद्धीवर फिदा झालेलो असतो. हिगाशिनोंनी हे मुद्दाम केलं असणार असं मला वाटतं, आपल्यालाही त्या खुनात ओढायचं म्हणून.

आणि मग ती बेल. इशिगामी हे सगळं कशासाठी करतो ते एकदम शेवटी कळतं. गणितात मोठं काही करायची ताकद असलेला हा माणूस, घरच्या अडचणींमुळे शाळेत अडकलेला, जगण्यात काही उरलं नाही म्हणून एक दिवस घरात दोर बांधून उभा असतो, गळ्यात घालणार तेवढ्यात बेल वाजते. दारात मायलेकी. शेजारी राहायला आलोय, नमस्कार करायला आलो, एवढंच. दोन मिनिटं. तो जगतो. त्या दोघींना हे कधीच कळलेलं नसतं, त्यांच्यासाठी ती नवीन घरात आल्यावरची एक रीत.

इथे मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसले.

कारण आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका मागच्या पावसाळ्यात गेले. एकटे राहायचे, काकू जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी नाशिकला. दाराच्या कडीला एक कापडी पिशवी अडकवलेली असायची, काकूंनी जुन्या साडीची शिवलेली, निळी, त्यात दूधवाला पहाटे पिशवी टाकून जायचा. सोमवारी सकाळी मी कुलूप लावताना दूध तसंच होतं. म्हटलं झोपले असतील, आणि गाडी गाठायला पळाले. मंगळवारी त्यात दोन पिशव्या होत्या, एक फुगलेली. म्हटलं नाशिकला गेले असतील आणि दूधवाल्याला सांगायचं राहिलं असेल. संध्याकाळी सेक्रेटरींनी चावीवाला आणला. काका स्वयंपाकघरात होते, डॉक्टर म्हणाले रविवारी रात्रीच गेले असावेत.

इथपर्यंत आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. जे माहीत नाही ते असं, की रविवारी रात्री साडेअकराच्या सुमारास मला आवाज आला होता. स्टीलचं पातेलं पडल्यासारखा, आणि मग ते गरगरत राहिलं, थांबेपर्यंत मी ऐकलं. मी दारापर्यंत गेलेही. मग वाटलं एवढ्या रात्री बेल वाजवायची, काका म्हणतील काय झालं, उगीच त्यांची झोपमोड. लाइट बंद करून झोपले.

तेराव्याला त्यांची मुलगी, मी त्यांना ताई म्हणते, माझा हात धरून म्हणाल्या, तुम्हाला काही आवाज वगैरे आला होता का हो? मी म्हटलं, नाही हो ताई, पाऊस किती होता त्या दिवशी. पाऊस नव्हता. त्या म्हणाल्या, बरं झालं, म्हणजे त्रास झाला नसेल बाबांना. आणि त्या रडल्या आणि मला जवळ घेतलं. ते मी वर्षभर घेऊन फिरतेय, नवऱ्यालाही सांगितलेलं नाही, तो हे वाचेल तेव्हाच त्याला कळेल.

कुणी म्हणेल आवाज ऐकून गेली असतीस तरी काका वाचले असते कशावरून. खरंय. डॉक्टरही कदाचित तेच म्हणतील. पण मी ते सोडवायला बसलेच नाही, कारण खोटं त्याच्या नंतरचं आहे आणि ते पूर्ण माझं आहे.

म्हणून शेवटाबद्दल जे वाचलं त्याच्याशी माझं जमत नाही. बऱ्याच जणांना यासुकोचा राग येतो. इशिगामी गुन्हा स्वतःवर घेतो, मीच तिच्या मागे लागलो होतो, मीच मारलं असं सांगून आत जायला निघतो, त्याआधी तिला धमकीची पत्रंसुद्धा पाठवून ठेवतो म्हणजे पोलिसांना ते पटावं, सगळं बिनचूक. तिने फक्त गप्प बसायचं, मुलीला वाढवायचं, दुसरं लग्न करायचं, माणूसही भेटलेला असतो चांगला. आणि ती पोलिसांकडे जाऊन सगळं सांगून टाकते. लोक म्हणतात, त्या बिचाऱ्याचं सगळं मातीत घातलं. पण त्याआधी पोरीने हाताची नस कापून घेतलेली आहे हे विसरतात का? आणि युकावाने तिला सांगितलेलं असतं की तुमच्यासाठी अजून एक माणूस मेलाय. आता ती रोज सकाळी उठून डबे कसे भरणार? दुसऱ्याने फेडलेलं कर्ज आपल्या अंगावरून जात नाही, ते फक्त आता कुणाला परत करायचं ते कळेनासं होतं. ती इशिगामीसमोर जमिनीवर कोसळून माफी मागते आणि तो ओरडतो, गुरासारखा, आतून. त्या हंबरड्यापाशी पुस्तक संपतं. मला वाटतं आख्ख्या कादंबरीत तो पहिल्यांदाच मोठा आवाज करतो, इतकी पानं भिंतीला कान लावून काढलेला माणूस.

काकांचा फ्लॅट विकला गेलाय. पुढच्या रविवारी ताई कपाटं आणि काकूंची शिलाई मशीन न्यायला येणार आहेत, टेम्पो अकराचा सांगितलाय, मला फोन करून म्हणाल्या चहा तुमच्याकडेच घेईन. मी हो म्हटलंय. निळी पिशवी अजून कडीलाच आहे.