वजीरच्या अर्ध्या वाटेवरून

ठाण्याहून पहाटेची कसारा लोकल धरली की उजाडायच्या आत वासिंदला उतरता येतं. थंडीचे दिवस होते. डब्यात दूधवाले आणि भाजीवाले होते, आणि त्यांच्यात दोर, हेल्मेट आणि खुळखुळणारं लोखंड घेतलेले आम्ही. डोंबिवलीला ताई चढली आणि चौघं पूर्ण झालो: दादा, ताई, माझा मावसभाऊ आणि मी. दादाकडून मी पंधरा वर्षांपूर्वी मुंब्र्याच्या कातळावर बिले द्यायला, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळायला, शिकलो. आजही गाठ मारली की नजर आधी त्याच्याकडे जाते.

माहुलीची रांग वासिंदहून सकाळच्या धुरकट उजेडातही ओळखू येते. १६३६ मध्ये शहाजीराजांनी याच माहुलीवरून मोगलांशी शेवटचा झगडा दिला. या बाजूने जाताना मला ते दर वेळी आठवतं आणि पाय जरा जपून पडतात. वजीर याच रांगेतला, अडीचशे फुटांच्या वर सरळ उठलेला सुळका. रिक्षा, वाडी, मग रानातली अंगावर येणारी चढण आणि शेवटचा घसारा असं करत पायथ्याला पोचेपर्यंत घामाने भिजलो होतो.

चढाईबद्दल फार लिहीत नाही, कारण ती अर्ध्यातच संपली. लीडवर, म्हणजे दोर घेऊन सगळ्यात पुढे, मी होतो. एक चीर सोपी दिसली म्हणून डावीकडे सरकलो आणि जेमतेम दोन माणसं उभी राहतील अशा पायरीवर येऊन थांबलो. कातळात ठोकलेल्या बोल्टची वाट उजवीकडे राहिली होती. डोक्यावरचा कातळ कुजलेला, हात लावला की मुठीएवढा दगड सुटून येत होता. दादाने खालूनच विचारलं, "पुढे जाण्यासारखं आहे का?" मी नाही म्हणालो. तो आणि मावसभाऊ वर आले, ताई खालीच थांबली. इथून दोरावरून उतरायचं ठरलं. त्यासाठी दोर वरच्या आधारातून दुहेरी ओवायचा आणि सगळे उतरले की खालून ओढून घ्यायचा. आधार तेवढा वरच राहतो.

पायरीवर आमच्याआधी कुणीतरी हीच चूक करून गेलं होतं. चिरेत ठोकलेली एक गंजलेली लोखंडी खुंटी, म्हणजे पिटॉन, आणि तिच्यात टेपचा, म्हणजे नायलॉनच्या पट्टीचा फास. कधीकाळी निळा असावा, आता राखाडी झाला होता. मावसभाऊ म्हणाला, "यावरून ते उतरलेच ना? आपणही उतरू." हे वाक्य मी आजवर इतक्यांच्या तोंडून ऐकलंय, आणि एके काळी स्वतःही बोललोय, म्हणून दादाचं उत्तर जसंच्या तसं देतो: "ते उतरले तेव्हा ही टेप नवी होती. त्यानंतर हिने किती पावसाळे आणि किती उन्हाळे काढले, सांग."

मग त्याने हातोडीने पिटॉनवर हलकेच ठोकलं. घट्ट बसलेली पिटॉन खणखणते. ही बद्द वाजली. टेप कापून त्याने बोटांत चुरडली, तर वरचे धागे भुकटी होऊन उडाले. उन्हाने नायलॉनची ताकद जाते आणि ते डोळ्यांना फारसं कळत नाही. शिवाय दोर थेट टेपमधून ओवलेला असला तर खालून ओढताना एकाच जागी घासतो आणि टेप तापते. नायलॉन २२० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि टेपांसाठी वापरला जाणारा दुसरा धागा, डायनिमा, तर १४५ च्या आसपासच. त्या फासावर असा चकचकीत, कडक झालेला पट्टा होता. त्यावर आम्ही तिघं एकामागून एक लटकणार होतो.

पायरीच्या कडेला मनगटाएवढं उंबराचं झाड होतं. हिरवंगार, पण मुळं नुसत्या चिरेत. दादाने ते बघितलं आणि सोडून दिलं. मागच्या बाजूला कंबरेएवढा धोंडा अडकून बसला होता. आधी आम्ही सेल्फ अँकर, म्हणजे स्वतःला बांधून ठेवलेला आधार, दुसरीकडे घेतला आणि मगच तो पाय लावून ढकलला. हलला नाही, ठोकल्यावर पोकळही वाजला नाही. बेसॉल्टच्या कडा सुरीसारख्या असतात, म्हणून टेप जिथून जाणार ती धार हातोडीने मोडून घेतली आणि टेप अगदी बुडाशी गुंडाळली. दुसरा आधार म्हणून खाली निमुळत्या होत जाणाऱ्या चिरेत एक नट, म्हणजे चिरेत अडकणारी धातूची पाचर, बसवला आणि त्यालाही टेप लावली.

दोन्ही टेपा एका कॅराबिनरमध्ये, म्हणजे उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीत, मी जोडल्या, आणि इथे माझी चूक झाली. टेप वाचवायच्या नादात मी त्या आखूड बांधल्या, त्यामुळे दोघींमधला कोन बराच रुंद झाला. दादाने हाताचे पंजे फाकवून दाखवले. कोन ६० अंशांचा असला तर प्रत्येक आधारावर वजनाचा ५८ टक्के भार येतो. १२० अंशांना प्रत्येकावर पूर्ण वजन येतं, म्हणजे दोन आधार करून भार वाटलाच जात नाही, आणि त्याच्यापुढे तर तो वाढतच जातो. मी निमूट सोडून लांब टेपा घेतल्या आणि सगळं पुन्हा बांधलं.

नंतर त्याच्या वर, वेगळ्या चिरेत, दादाने दोन फ्रेंड, म्हणजे चिरेत फाकून बसणारी आणि परत काढता येणारी साधनं, लावून एक जादा आधार जोडला. तो ताणलेला नको आणि सैल लोंबणाराही नको. मुख्य अँकरने दगा दिला तरच त्याने वजन घ्यायचं. सगळ्यात जड माणूस आधी, सॅक घेऊन. म्हणजे मी, ८४ किलो. दोराच्या टोकांना गाठी, उतरण्याचा वेग आवरणाऱ्या डिसेंडरखाली प्रुसिक, म्हणजे हात सुटला तरी दोर धरून ठेवणारी गाठ. मी धक्के न देता उतरलो आणि वरून दादा टेपांकडे टक लावून बघत होता. काहीच हललं नाही. खाली पोचल्यावर दोर ओढून बघितला, कॅराबिनरमधून सुरळीत फिरत होता. मग मावसभाऊ आला. शेवटी ५८ किलोच्या दादाने फ्रेंड काढून घेतले आणि त्या धोंड्याच्या आणि नटच्या भरवशावर तो निघाला. ती पाच-सात मिनिटं आम्ही तिघं एक शब्द बोललो नाही.

टोकाच्या गाठी सोडल्याची खात्री ताईने दोनदा केली, मगच दोर ओढला.

परतीच्या लोकलमध्ये दादाने टॉड स्किनरचा विषय काढला. २००६ मध्ये अमेरिकेतल्या योसेमिटीच्या लीनिंग टॉवरवर रॅपल करताना, म्हणजे असंच दोरावरून उतरताना, त्याच्या हार्नेसचा, म्हणजे कमरेच्या पट्ट्याचा, वजन पेलणारा झिजलेला बिले लूप तुटला आणि तो कोसळून गेला. जगातल्या उत्तम क्लाइंबर्सपैकी एक माणूस. मावसभावाने सॅकमधून आपला हार्नेस काढला आणि कळव्यापर्यंत एकेक शिवण तपासत बसला.

दोन टेपा, एक नट, एक स्क्रू-लॉकचा कॅराबिनर वर राहिला. खर्च आम्ही चौघांत वाटून घेतला. वजीरवर जाणाऱ्यांना एकच विनंती आहे. बोल्टच्या वाटेच्या डावीकडे भरकटून तुम्ही त्या पायरीवर पोचलात, तर धोंड्याच्या बुडाशी हिरवी टेप दिसेल. ती आमची. मधे एक जरी पावसाळा गेला असेल तरी तिच्यावर लटकू नका. कापून खाली आणा आणि तिथे तुमची नवी बांधा.