कंगव्याचे दात

जुलैच्या वीस तारखेला सकाळी मी माझ्या सात वर्षांच्या लेकीच्या मनगटावर कंगवा मारला. ‘मारला’ हे क्रियापद लिहायला मला बरेच दिवस लागले. त्याआधी मी स्वतःशी ‘लागला’, ‘बसला’, ‘हात उठला’ असे सगळे प्रयोग करून पाहिले. मराठीत ही सोय फार चांगली आहे. कर्त्याला वाक्याच्या दाराबाहेर उभे करून झालेली गोष्ट तेवढी सांगता येते. प्रत्यक्षात घडले ते असे की वेणी घालताना ती हलली, गुंता ओढला गेला, तिने ओरडून हात मध्ये घातला आणि मी तो हात बाजूला करण्याऐवजी कंगवा दातांच्या बाजूने त्यावर आपटला. गोऱ्या कातडीवर सात-आठ बारीक लाल ठिपके एका ओळीत उमटले, कोणी पट्टी धरून काढावेत तसे.

कारणे माझ्याकडे पुष्कळ होती. धाकट्याला रात्रभर ताप होता आणि मी दर तासाला कपाळावरची पट्टी बदलत जागी होते. नवरा पिथमपूरच्या कारखान्यात रात्रपाळीला होता. मी एका करसल्लागाराच्या कार्यालयात काम करते आणि वीस तारीख हा जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याचा शेवटचा दिवस असतो, त्यामुळे साडेनऊच्या आत टेबलाशी पोहोचणे भाग होते. यातले एकही कारण खोटे नव्हते. फक्त कंगवा त्यांपैकी कोणाच्याच हातात नव्हता.

व्हॅनचा हॉर्न वाजला आणि ती डोळे पुसत जिना उतरली. बटाट्याची भाजी, दोन पोळ्या आणि लोणच्याची फोड असलेला डबा ओट्यावरच राहिला. तो मी कार्यालयात घेऊन गेले आणि दुपारी उघडला नाही. उपाशी राहून मी कोणाचे काय भले करत होते, हे मला आता सांगता येत नाही, पण त्या दिवशी ते प्रायश्चित्तासारखे वाटले होते. संध्याकाळी येताना तिच्या आवडीचा भुट्ट्याचा कीस आणला, वर लिंबू जास्त पिळून. तिने तो खाल्ला. सकाळबद्दल ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून ती कंगवा घेऊन मुकाट्याने आजीकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे जाऊ लागली.

आमचे घर इंदूरमधल्या मराठी ख्रिस्ती घरांपैकी एक. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने 1877 मध्ये इथे काम सुरू केले, 1887 मध्ये कॉलेज काढले, आणि मिशनच्या शाळा-दवाखान्यांतल्या नोकऱ्यांच्या ओढीने पुढे आमच्या आजोबांसारखी नगर जिल्ह्यातली माणसेही इकडे आली. अजून आम्ही एकमेकांना भेटलो की ‘सलाम’ म्हणतो, घरात मराठी पवित्र शास्त्र वाचतो आणि रविवारी मात्र हिंदी उपासनेला बसतो. उपासनेतला पापांगीकार अनेकवचनी असतो. विचाराने, शब्दाने आणि कृतीने आम्ही पाप केले आहे, असे सगळी मंडळी एका आवाजात म्हणते. त्या ‘आम्ही’मध्ये लपायला भरपूर जागा आहे, हे मला त्या जुलैत नीट कळले. एकवीस तारखेच्या रविवारी मी ते शब्द मोठ्याने म्हटले आणि जशी गेले होते तशीच घरी आले.

अपराधीपणाचे एक विचित्र आहे, तो आपल्या बरोबर सगळे सोयरेधायरे घेऊन येतो. कंगव्याच्या मागोमाग मला आठवले की संडे स्कूलच्या कार्यक्रमाला मी घरी केक केला नव्हता, की मुलांना झोपवताना बायबलची गोष्ट सांगायची ती मी महिनाभर मोबाइलवर लावून देत होते, की धाकट्याला मी लवकर अंगावरून तोडले असे एक बाई मला दोन वर्षांपूर्वी म्हणाल्या होत्या. मातृदिनाच्या संदेशात दरवर्षी बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातली सद्गुणी स्त्री आमच्यापुढे उभी केली जाते. ती रात्र सरण्यापूर्वी उठते आणि तिचा दिवा विझत नाही. मात्र तिच्या घरी दासी होत्या, हे त्याच अध्यायाच्या पंधराव्या वचनात लिहिलेले आहे आणि ते मी तरी व्यासपीठावरून ठासून वाचलेले कधी ऐकले नाही.

आमच्या शहरात कचऱ्याची गाडी गाणे वाजवत दारात येते आणि ओला, सुका, प्लास्टिक असे सगळे वेगवेगळे द्यावे लागते. मिसळून दिले तर गाडीवरचा माणूस परत करतो. घरातले लहान मूलही आता केळ्याचे साल चुकीच्या डब्यात टाकत नाही. मी मात्र मनातले सगळे एकाच पिशवीत भरून देवापुढे नेत होते. केक न करणे हे पाप नव्हे. थकणे हे तर नव्हेच. आम्ही केवळ माती आहो हे देव आठवतो, असे एकशे तिसरे स्तोत्र सांगते. त्या बाईंचे बोलणे त्यांच्याच घरचे होते. ते सगळे बाजूला काढल्यावर पिशवीच्या तळाशी कंगवा उरला, आणि तो एकटा समोर आल्यावर त्याच्याकडे बघणे आधीपेक्षा अवघड झाले. गर्दीत तो बरा दडून होता.

त्याच आठवड्यात धाकट्याला मांडीवर घेऊन वाचताना बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, एकविसावा अध्याय समोर आला. अब्राहामापासून मूल झालेल्या दासीची, हागारेची कथा मी लहानपणापासून ऐकलेली, पण दोन मुलांची आई होऊन पूर्वी कधी वाचली नव्हती. अब्राहाम तिला भाकरी आणि पाण्याची मसक देऊन मुलासह घराबाहेर काढतो. ती बैरशेबाच्या रानात भटकते, पाणी संपते, आणि ती मुलाला एका झुडपाखाली टाकते. टाकते, हेच क्रियापद आहे. मग बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन समोर बसते, कारण मुलाचे मरण तिला डोळ्यांनी बघवणार नसते, आणि गळा काढून रडते.

इथे मी थांबले. मूल तहानेने तळमळत असताना ती त्याच्याजवळ नाही; ती दूर बसून आपल्या दुःखाजवळ आहे. त्या आईला दोष देण्याची माझी प्राज्ञा नाही, पण ते अंतर मला ओळखीचे वाटले. वीस तारखेपासून मीही लेकीपासून बाणाच्या टप्प्यावर बसून रडत होते. मी वाईट आई आहे, माझ्या हातून हे झालेच कसे, या विलापात सगळीकडे मीच होते. तिच्या मनगटाचे काय झाले, ते मी पुन्हा उचलून पाहिलेही नव्हते.

आणि देव काय करतो? रडल्याचे वर्णन आईचे आहे, पण देवाने मुलाची वाणी ऐकली, असे शास्त्र म्हणते. मुलाला झुडपाखाली का टाकलेस, असे तिला कोणी विचारत नाही. तुला काय झाले, भिऊ नको, असे दूत म्हणतो, आणि मग पुढचे काम सांगतो: ऊठ, मुलाला उचल, त्याला हाताशी धर. मग देव तिचे डोळे उघडतो आणि तिला विहीर दिसते. विहीर निर्माण केली असे तिथे म्हटलेले नाही. ती मसक भरते, मुलाला पाजते. देवाच्या दयेची कथा मी इतकी घरगुती रूपात पूर्वी वाचली नव्हती: एक आई उठते, पाणी भरते आणि लेकराला पाजते.

इब्री भाषेत करुणेसाठी जो ‘रहमीम’ शब्द येतो तो ‘रेहेम’, म्हणजे गर्भाशय, याच धातूकुळातला आहे. मराठी शास्त्रात कळवळा हा शब्द वारंवार भेटतो आणि तो ऐकला की मला बाळंतपणाच्या कळा आठवतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांपासून आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना ख्रिस्ताला माउली म्हणणे परके राहिलेले नाही. पण माझे अडले होते ते वेगळ्याच ठिकाणी. देवाचे प्रेम आईसारखे असते असे म्हणताना माझ्यासारख्या आईचे उदाहरण द्यायचे का? याचे उत्तर यशयाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात आहे आणि आम्ही त्यातले अर्धेच म्हणतो. स्त्रीला आपल्या तान्ह्या बाळाचा विसर पडेल काय, या प्रश्नावर आपण थांबतो. पुढे देव म्हणतो की कदाचित तिलाही पडेल, पण मी तुला विसरणार नाही. आईकडून काय काय होऊ शकते ते ठाऊक असूनच ते वचन दिलेले आहे. खुद्द मरीया बारा वर्षांच्या येशूला यरुशलेमेत मागे ठेवून एक दिवसाची मजल चालून गेली होती, तो सोबतच्यांमध्ये असेल असे समजून.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकरी वाटून घेण्याचा विधी, होते. वेदीजवळ दान ठेवून आधी ज्याचे मन दुखावले त्याच्याशी समेट कर, असे मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. त्यात ‘भाऊ’ असा शब्द आहे, पण सात वर्षांच्या मुलीला त्यातून वगळलेले नाही. शनिवारी संध्याकाळी ती जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. मी शेजारी बसले.

“वीस तारखेला सकाळी मी तुला कंगव्याने मारलं,” मी म्हटले. “तू काहीच केलं नव्हतंस. चूक माझी होती. मला माफ करशील?”

तिने खडू खाली ठेवला. “म्हणजे मी डबा विसरले त्या दिवशी?”

“हो. त्या दिवशी.”

“पण आई, तू तर मी डबा विसरले म्हणून रागावली होतीस ना? म्हणून संध्याकाळी पण बोलली नाहीस.”

चौदा दिवस माझे मौन तिने असे वाचले होते. क्रम उलटासुलटा करून, डबा आधी आणि मार नंतर ठेवून, तिने सात वर्षांच्या बुद्धीने माझा दोष स्वतःच्या नावावर लिहून घेतला होता. मी कर्ता वाक्याबाहेर ठेवला म्हणून ती जागा रिकामी राहिली नव्हती. तिथे ती जाऊन बसली होती.

मी तिला पुन्हा सगळे सावकाश सांगितले, आधी काय झाले आणि नंतर काय. तिने मनगट उलटसुलट करून पाहिले. तिथे आता काहीही नव्हते. मग म्हणाली, “ठीक आहे, केलं माफ. मी मैत्रिणीचा डबा खाल्ला होता. त्यात सँडविच होतं.” आणि खडू उचलला.

दुसऱ्या दिवशी पापांगीकार नेहमीसारखाच अनेकवचनी झाला. भाकरीचा तुकडा तळहातावर आला तेव्हा मी रडले नाही. रडायचे ते आधीच नको तितके रडून झाले होते.

सोमवारी आणि मंगळवारी ती कंगवा घेऊन आजीकडेच गेली. बुधवारी सासूबाई पूजेच्या नव्हे, आमच्याकडे म्हणतात तशा ‘कौटुंबिक प्रार्थने’च्या पुस्तकात चष्मा लावून बसल्या होत्या. ती माझ्यासमोर येऊन पाठमोरी बसली आणि कंगवा खांद्यावरून मागे धरला.

“आजीची वेणी दुपारी सुटते,” ती म्हणाली. “तू घाल. पण हळू.”

मी केस मुठीत धरून टोकाकडून गुंता सोडवायला सुरुवात केली. खाली कचऱ्याच्या गाडीचे गाणे गल्लीच्या तोंडाशी आले होते. ती मान न हलवता बसली होती, जरा जास्तच ताठ.