माळकरी गुळव्याचं लिव्हर

कोल्हापुरात आहारतज्ज्ञ म्हणून बसलं की गुळाशी भांडण ठरलेलं. शुगरवाल्या पेशंटला साखर कमी करा सांगावं, तर पुढच्या खेपेला तो छाती फुगवून सांगतो, "साखर घरातनं हद्दपार केली मॅडम, आता सगळं गुळात." चौकाचौकात 'गुळाचा चहा'च्या पाट्या लागल्यापासून तर या समजुतीला सर्टिफिकेटच मिळालंय. एवढं सगळं मला पाठ आहे. पण ज्यानं उभं आयुष्य गूळच शिजवला, अशा माणसासमोर बसून हा विषय काढायची वेळ त्या दिवशी पहिल्यांदा आली.

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. मी ज्या फिजिशियनकडे बसते, त्या डॉक्टरांनी आतून फाइल पाठवली आणि फाइलच्या मागोमाग तिघं आले. पन्नाशी ओलांडलेला एक उंच, काटक गृहस्थ, त्याची बायको आणि पंचविशीतला मुलगा. त्या गृहस्थांना इथे तात्या म्हणते. पांढरी टोपी, कपाळावर बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत चटक्यांचे जुने-नवे डाग. ते डाग पाहूनच मी विचारलं, "गुऱ्हाळावर असता का?"

"गुळव्या हाय मी," ते म्हणाले. त्यापुढे बराच वेळ गप्प.

बोलल्या त्या काकू. त्यांचा राग डॉक्टरांवर नव्हता, त्याआधी जिथं सोनोग्राफी झाली तिथल्या माणसावर होता. "आवो, पोटावर यंतर फिरवता फिरवता इचारलं, रोज घेता का कधीमधी? माळकरी माणूस हाय ह्यो. दिंडीत ईणा धरतोय. भाईर धा माणसं बसलेली, समद्यांनी ऐकलं." गावात पोचायच्या आत बातमी पोचली होती. भजनी मंडळातल्या कुणीतरी म्हणे थट्टेत "तात्या, कंची?" असंही विचारलं. मुलगा खाली बघत होता. तात्यांनी माळेवर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "थेंब न्हाई लावला कधी तोंडाला. पर लोकं म्हणणार, माळ घालून पितोय."

दारूचा प्रश्न विचारावाच लागतो, तो चुकीचा नाही. तो दहा जणांना ऐकू जाईल असा विचारणं चुकीचं. आणि लिव्हरमध्ये चरबी दिसली की दारूच धरायची, हा गोंधळ आजचा नाही. १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये ज्युर्गेन लुडविग या पॅथॉलॉजिस्टनं वीस पेशंट नोंदवले होते. लिव्हरचा तुकडा मायक्रोस्कोपखाली दारुड्याच्या लिव्हरसारखा दिसायचा आणि माणसं मात्र दारू न पिणारी. तेव्हापासून दारूविना होणाऱ्या या फॅटी लिव्हरला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नाव आहे. आपल्याकडे २०२१ मध्ये केंद्र सरकारनं तो मधुमेह, हृदयविकार, कॅन्सर यांच्यासाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही घेतला. गावच्या पारावर मात्र लिव्हर म्हटलं की अजून बाटलीच आठवते.

फाइल उघडली. फॅटी लिव्हर, ग्रेड दोन. लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारी दोन एन्झाइम, एसजीपीटी ८८ आणि एसजीओटी ५२. रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, ३१०. युरिक ॲसिड वाढलेलं. तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारं एचबीएवनसी ६.१, म्हणजे डायबिटीस नाही, पण उंबरठ्यावर. कावीळ बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह. डॉक्टरांनी वय, दोन्ही एन्झाइम आणि प्लेटलेट घालून फिब-फोरचा आकडा काढला होता, १.२५. हा १.३ च्या खाली असला की लिव्हर बरंच कडक झालं असण्याची शक्यता कमी, म्हणून त्यांनी कोपऱ्यात बारीक अक्षरात 'आहार. तीन महिने' एवढंच लिहून माझ्याकडे पाठवलं होतं. औषध एकही नाही. याचीही काकूंना खंत होतीच. "लिव्हरचं टॉनिक तरी लिहून द्या." त्या टॉनिकच्या बाटल्यांमागचं लेबल मी वाचते. कित्येकांचा पायाच साखरेचा पाक असतो.

"आणि चरबी कुठली ओ ह्यास्नी?" काकूंचा पुढचा मुद्दा. "अंगावर मांस न्हाई."

वजन ६६ किलो, उंची १६७. खरंच कुणी जाड म्हणणार नाही. मग टेप लावला. पोटाचा घेर ९४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना ९० ची मर्यादा आहे. हातपाय काड्यांसारखे आणि चरबी पोटात, ही आपल्या लोकांची ठेवणच. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा शेजारी-शेजारी फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, हुबेहूब २२.३. शरीरातली चरबी मात्र साहेबाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. मी तो फोटो मोबाइलवर दाखवते, त्या दिवशीही दाखवला. मुलानं तो दोनदा झूम करून पाहिला.

मग माझं नेहमीचं काम सुरू केलं. काल पहाटे उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं, सगळं सांगा.

"साखर न्हाई," तात्या लगेच म्हणाले. "आमच्या घरात साखर येतच न्हाई. काय बी केमिकल न्हाई. मी माज्या हातानं केलेला गूळ."

हंगाम जोरात होता. पहाटे तीनला उठणं, चारला चुलवाण पेटलेलं. निघताना गुळाचा चहा. गुऱ्हाळावर दिवस मावळेपर्यंत पाच चहा, कारण ऊस घेऊन आलेला प्रत्येक शेतकरी गुळव्याला चहा पाजतो. उन्हं चढली की घाण्यावरचा ताजा रस, दोन ग्लास. दुपारी भाकरीबरोबर अर्धी वाटी काकवी. मधूनच वाफ्यात ओतलेला गरम गूळ आणि शेंगदाणे. रात्री मात्र साधं जेवण, तेल बेताचं, मांसमच्छी नाहीच. काकूंनी तेलाचं तीनदा सांगितलं. फॅटी लिव्हर म्हणजे तेलातुपाचं दुखणं असं जवळजवळ प्रत्येक घर धरून चालतं, त्यामुळे पेशंट यायच्या आधीच भज्या बंद झालेल्या असतात आणि चहाकडे कुणी बघितलेलंही नसतं.

माझ्या टेबलावर किचनमधला छोटा डिजिटल काटा असतो आणि ड्रॉवरमध्ये गुळाची ढेप. ती पुढं केली. "चहात घालता तेवढा काढा."

तात्यांनी आधी ढेप हातात घेऊन फिरवली, नखानं कोर खरवडली, नाकाशी नेली आणि ठेवून दिली. "ह्यात साखर वतलीया." काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या कढईत, साखर ओतून गूळ उजळ करायचा धंदा काही ठिकाणी चालतो, हे मी ऐकून होते. माझ्याच ड्रॉवरमध्ये तो निघेल असं वाटलं नव्हतं. मग अंगठ्यानं दाबून त्यांनी एक खडा तोडला आणि काट्यावर ठेवायच्या आधीच म्हणाले, "बारा-तेरा ग्राम." काटा १३ वर थांबला.

सहा चहांचे ७८ ग्रॅम गूळ. त्यात पाणी, क्षार वगैरे वजा जाता साठ-पासष्ट ग्रॅम साखरच. उसाचा रस पाव लिटर घेतला तर तीसेक ग्रॅम, दोन ग्लासांचे साठ. काकवीतले अठ्ठावीस. गरम गुळातले सतरा. मी कागदावर मांडत गेले आणि बेरीज मुलाला करायला लावली. १७० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलेली वरची मर्यादा साधारण पन्नास ग्रॅमची, आणि शक्यतो पंचवीसच्या आत राहा असा तिचा सल्ला. रसातली साखरसुद्धा त्यातच धरायची.

"पर ही साखर न्हवंच," तात्या म्हणाले. आवाजात राग नव्हता, खात्री होती. "गुळात लोह असतंय."

असतं. पण तेवढ्या लोहासाठी एवढी साखर गिळायची गरज नाही, असं मी म्हटलं. ते पटलेलं दिसलं नाही. म्हणून मी त्यांच्याच धंद्यातलं विचारलं. "तोडून तीन-चार दिवस पडलेला ऊस आला तर गूळ कसा होतो?"

"बसत न्हाई. चिकाट ऱ्हातोय. पावसाळ्यात पानी सुटतं त्येला."

"का?"

"ऊस इटतो."

विटतो म्हणजे नेमकं काय, ते मी सांगितलं. उसातली साखर दोन साखरांची जोडगोळी असते. ऊस पडून राहिला की जोडी तुटते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगळे होतात, आणि तुटलेल्या जोडीचा दाणा धरत नाही. चांगल्या उसाचा गूळ असो नाहीतर कारखान्याची पांढरी साखर, आपल्या आतड्यात ती जोडी दर वेळी अशीच तुटते. ग्लुकोज सगळं अंग वापरतं, हातपाय, मेंदू, सगळे. फ्रुक्टोजचा बहुतेक भार लिव्हरवर येतो. थोडं असेल तर लिव्हर निभावून नेतं. रोज ऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅम आलं की ते त्याची चरबी बनवतं, काही रक्तात सोडतं, काही स्वतःतच ठेवतं, आणि या गडबडीत युरिक ॲसिडही वाढतं. तात्यांच्या फाइलमधले तिन्ही आकडे तिथून आलेले असावेत असं मला वाटत होतं.

तात्या बराच वेळ काट्यावरच्या खड्याकडे बघत राहिले. मग बायकोला म्हणाले, "म्हंजे दारू न्हाई, गूळ."

मला वाटतं, त्या माणसाला त्या दिवशी हायसं आणि वाईट एकाच वेळी वाटलं. काकूंना मात्र नुसतंच हायसं वाटलं. त्यांनी मला तो कागद, बेरजेसकट, मागून घेतला. भजनी मंडळाला दाखवायला.

आता कमी कुठून करायचं? गुळव्याला गुळापासून लांब राहा सांगणं म्हणजे नोकरी सोड सांगणं. मी भीतभीतच विचारलं, की पाक झाला की नाही हे चव घेतल्याशिवाय कळतच नाही का? तात्या पहिल्यांदाच चिडले. "चवीवर जातो त्यो गुळव्या न्हवं. गुळव्या हातावर जातो." आणि त्यांनी मला रीत सांगितली. उकळता पाक थंड पाण्यात टाकायचा, बोटांनी वळायचा, गोळी कशी धरते ते बघायचं आणि त्या घडीला काहील उतरवायची. पुस्तकात त्यासाठी ११८ अंशांच्या आसपासचं तापमान दिलेलं असतं. त्यांच्याकडे थर्मामीटर नव्हता आणि लागलाही नसता. म्हणजे दिवसभराचं ते चाखणं कामाचं नव्हतंच, सवयीचं होतं. हे त्यांचं त्यांनाच बोलता बोलता लक्षात आलं आणि चाखणं त्यांनी स्वतःहून खोडलं.

रसाच्या जागी ताक ठरलं. चहा दोन, आणि त्यात शेंगदाण्याएवढा खडा. शेतकऱ्याला नाही कसं म्हणायचं हा मोठा पेच होता, तो त्यांनीच सोडवला. चहा घ्यायचा, पण कोरा, बिनगुळाचा. मान राखला जातो. काकवी रविवारी चमचाभर, एरवी भाकरीबरोबर आमटी नाहीतर झुणका. काकूंना मी सांगितलं, की घरात एकट्याचं वेगळं करू नका, सगळ्यांचंच बदला. अमेरिकेत फॅटी लिव्हर असलेल्या किशोरवयीन मुलांवर एक प्रयोग झाला होता, २०१९ मध्ये छापून आला. आठ आठवडे वरून घातलेली साखर जवळजवळ बंद, आणि जेवण अख्ख्या घराला तसलंच पुरवलेलं. त्या मुलांच्या लिव्हरमधली चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ वर आली. नेहमीचं खाणाऱ्या मुलांची २१ वरून २०. घर बदललं की माणूस बदलणं सोपं जातं, एवढं तरी मी माझ्या अनुभवावरूनही सांगू शकते.

निघता निघता काकूंनी मुलाला पुढं ढकललं. "ह्येचं बी बगा. रोज कोलड्रिंकची बाटली लागती ह्येला." सहाशे मिलीची, म्हणजे साठ ग्रॅमच्या पुढं साखर. त्याचा एसजीपीटी डॉक्टरांनी लगेच करायला लावला. ७१ आला. बापाच्या बेरजेवर हसणारा मुलगा रिपोर्ट घेऊन गेला तेव्हा हसत नव्हता.

पाडव्यानंतर हंगाम संपत आला तेव्हा तात्या परत आले. वजन साडेतीन किलोनं कमी, म्हणजे पाच टक्क्यांच्या थोडं वर. लिव्हरमधली चरबी हलायला साधारण एवढंच लागतं. एसजीपीटी ४३, ट्रायग्लिसराइड १७८, सोनोग्राफीत ग्रेड एक. ही सोनोग्राफी त्यांनी हट्टानं त्याच जुन्या ठिकाणी जाऊन केली होती आणि आत जाताना "गुळाचं लिव्हर हाय, दारूचं न्हवं" असं आपणहून मोठ्यांदा सांगितलं होतं, असं काकू म्हणाल्या. एचबीएवनसी मात्र ६.० वरच अडलं होतं. डॉक्टर त्यावर खूश नव्हते, मीही नव्हते.

आणि आषाढी जवळ येत होती. वारीत गावोगाव चहा, शिरा, लाडू, आग्रह करकरून. तात्यांचा सगळा वेळ त्याच हिशेबात गेला. प्रसाद चिमूटभर घ्यायचा, यावर आमचं दोघांचं एकमत झालं. चहाचं मात्र जमेना. गुऱ्हाळावर कोरा मागता येतो, वारीत तो आधीच साखर घालून पातेल्यात उकळत असतो. शेवटी पहाटेचा एक घ्यायचा आणि बाकीच्याला हात जोडायचे, असं ठरलं. "हात जोडलं तर लोकं म्हणतील तात्या आजारी हाय," ते म्हणाले. म्हणू देत, असं काकूंनीच सांगून टाकलं. पुढची तपासणी वारी करून आल्यावर, आणि त्यानंतरची ऑक्टोबरात, चुलवाण पुन्हा पेटायच्या आत.