आमची वाटचाल: दिवसाला शंभर किलोमीटर

कराडमध्ये आमचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे आणि तिथूनच आम्ही कोकण किनाऱ्यावर दुचाकीच्या सफरी काढतो. 2014 च्या डिसेंबरात आम्ही चौघे मित्र कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे गुहागरला गेलो. दोन दिवसांत मालवण गाठायचं, एवढंच ठरलेलं. हेदवी मागे टाकून तवसाळच्या उतारावर आलो आणि एका बुलेटची क्लच केबल तुटली. पाने होते, पंक्चरचं सामान होतं, केबल नव्हती. गाडी तशीच उतारावरून धक्क्यापर्यंत आणली, तोवर जयगडला जाणारी शेवटची फेरीबोट सुटली होती.

धक्क्याजवळ राहणारे एक काका कंदील घेऊन आले. "आता रात्रीचे कुठे जाताय? पडवी मोकळी आहे, टाका पथाऱ्या." काकूंनी कुळथाची पिठी आणि भात वाढला. सकाळी काकांनी मला भरतीचं गणित शिकवलं. "आज दशमी. दहाची पाऊणपट किती? साडेसात. साडेसातच्या सुमाराला खाडी भरेल." पायरीवर बसून बघत होतो. पाणी वर आलं, चिखलात कललेल्या होड्या एकेक करत सरळ झाल्या. एक मित्र बोटीने पलीकडे जाऊन रत्नागिरीहून केबल घेऊन येईपर्यंत संध्याकाळ झाली. त्या प्रवासात आम्ही किनारा खऱ्या अर्थाने पाहिला तो त्या एका दिवसात. परतताना घाट चढताना माझ्या डोक्यात एकच होतं, लोकांना असं फिरवायचं.

2016 मध्ये पैसे घेऊन पहिली सफर काढली. पाच गाड्या, दिवेआगर ते मालवण. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याला सावित्रीच्या खाडीवर बोटीत चढताना आमच्यातल्या एका दादांनी पुढचा ब्रेक दाबला. बोटीत चढायची लोखंडी फळी खाऱ्या पाण्याने कायम ओली असते, कडेला शेवाळ धरतं. पुढचं चाक घसरलं, गाडी डाव्या अंगावर पडली आणि त्यांचं मनगट मोडलं. चूक माझी होती. फळीवर कसं चढायचं हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. सफर मित्रांच्या हाती सोपवून मी त्यांना घेऊन परत आलो, पैसे परत केले. तेव्हापासून प्रत्येक धक्क्यावर मी स्वतः फळीशेजारी उभा राहतो. मागे बसलेल्याने उतरून चालत यायचं, पहिला गिअर, लागलाच तर मागचा ब्रेक, आणि एका वेळी एकच गाडी.

बाकीचे नियमही असेच अनुभवातून आले. गाड्या आम्ही भाड्याने देत नाही. ज्याची त्याने आणायची, पण आठ दिवस आधी आमच्या गॅरेजला दाखवायची. आठ गाड्यांच्या वर संख्या नेत नाही. मागच्या पिकअपमध्ये प्रत्येक मॉडेलच्या दोन क्लच केबल असतात. मुक्कामाला पोचल्यावर आधी गोड्या पाण्याने चेन धुऊन तेल द्यायचं, मग चहा. खारी हवा आणि वाळू चेनचा फार लवकर निकाल लावते. आणि वाळूवर गाडी घालायची नाही, कुणीही कितीही हट्ट केला तरी. वेळासला कासवं अंडी घालतात त्याच वाळूत आपली चाकं फिरवायची, हे मला सहन होत नाही.

सफरीची आखणी भिंतीवरच्या पंचांगावरून होते. हेदवीची बामणघळ भरतीला पाहायची असते, कातळाच्या फटीतून पाणी अंगावर येईल इतकं उसळतं. त्यासाठी तिथी बघून निघायची तारीख ठरते. दिवसाला शंभर किलोमीटर. काहींना हे फार कमी वाटतं, तेवढ्यावर ते नाव मागे घेतात. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या तीन खाड्या बोटीने ओलांडायच्या, हर्णैला मासळीचा लिलाव बघायचा, आरे-वारेच्या वळणांवर थांबायचं, तर शंभर पुष्कळ झाले.

2020 चं वर्ष कठीण गेलं. टाळेबंदीत सगळी बुकिंग परत दिली. 3 जूनला निसर्ग वादळ आलं आणि दिवेआगरच्या आमच्या यजमानांची वाडी आडवी झाली. त्यांचा फोन लागला तो कितीतरी दिवसांनी. "पोफळी सगळ्या गेल्या रे," एवढंच म्हणाले. पास काढून आम्ही तिघे लाकूड कापायची तीन मशीन, पाती आणि तेल घेऊन गेलो. पाच दिवस आडवी झाडं कापत होतो. शेजारच्या वाड्यांतली बंद पडलेली मशीनही अंगणात बसून दुरुस्त केली. पावसात या यजमान काकांनी नवी रोपं लावली, तेव्हा आम्ही पुन्हा गेलो होतो.

आता खाड्यांवर पूल होणार आहेत. लोक मला विचारतात, मग तुमच्या सफरीचं काय? पूल व्हायलाच हवेत. तवसाळच्या काकूंना रात्री दवाखान्यात न्यायचं झालं तर बोटीची वाट बघावी लागू नये. बोट चालू असेल तोवर मात्र आम्ही बोटीनेच जाणार.

दिवेआगरच्या त्या वाडीत यंदा काही पोफळींना पहिले घड धरलेत. काकांनी फोटो पाठवला, तो मोठा करून गॅरेजात पंचांगाशेजारी लावलाय.